भर दिवसाचा दिवा

सत्तरच्या दशकात आमच्याकडे भर दिवसा गाडीचा दिवा चालू दिसला, की समोरून येणारा हाताचा पंजा उघडमीट करून दाखवायचा. म्हणजे, अहो, दिवा चालू राहिलाय, बॅटरी उतरेल. ओळख ना पाळख, पण खूण करायचीच. न करणारा माणूसघाणा.

माझे यजमान भिडस्त. चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. पावसात, धुक्यात नीट दिसत नसेल तर दिवसाही दिवा लावायचा, हा कायदा ह्यांना तोंडपाठ. लायसन्सच्या वेळी आरटीओच्या साहेबांनी तेच विचारलं होतं, असं कौतुकाने सांगायचे. पण समोरच्याने पंजा हलवला, की कायदा बासनात. दिवा लगेच बंद, वर मान हलवून आभार.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही स्कूटरवरून कुरुळीला नणंदेकडे निघालो. मुलगी वर्षाची, माझ्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. मोशी सोडली आणि असा पाऊस कोसळला, की रस्त्याकडेची झाडंही दिसेनात. ह्यांनी दिवा लावला. मला जरा धीर आला. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला पंजा हलवत गेला. दिवा बंद.

"अहो, लावा ना."

लावला. पुढे ट्रॅक्टरवाला ओरडला, "लाईट चालू हाय, राव!" पुन्हा बंद.

"तुम्हाला कायदा माहीत आहे ना? मग त्यांचं काय ऐकता?"

"अगं, चांगुलपणानं सांगतात बिचारे. लगेच लावला तर काय वाटेल त्यांना?"

ट्रॅक्टर तर केव्हाच मागे गेला होता. मी आणखी काही बोलणार, तोच समोरच्या बैलगाडीला ओलांडून एक ट्रक थेट आमच्या अंगावर आला. ह्यांनी स्कूटर शेतात घातली. आम्ही चिखलात आडवे. मुलगी माझ्या हाताखाली होती आणि रडत नव्हती. तिने टाहो फोडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. "आवं भाऊ, लाईट तरी लावायचा! तुमी दिसलाच न्हाई!"

"हो, चुकलं माझं," हे म्हणाले, आणि वर त्यालाच विचारलं, "तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

त्या क्षणी मला ह्यांचा जो राग आला, तो पुढे कित्येक वर्षं पुरला. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. वाटेवरच्या परक्याला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी आम्हा दोघींचा जीव धोक्यात घातला होता.

दुपारी परत निघताना पाऊस तसाच होता. ह्यांनी स्कूटरची सीट पुसली आणि म्हणाले, "बस." लग्नानंतर पहिल्यांदाच, नणंदेच्या देखत, मी नाही म्हणाले. "मी एसटीनं जाते."

ह्यांचा चेहरा उतरला. "बरं, मी मागोमाग येतो."

मुलीला घेऊन मी शेवटच्या बाकावर बसले. मागच्या काचेवरून पाणी वाहत होतं. त्यातून एक पिवळा ठिपका दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"बाई, फुडं बसा, मागं लई दणकं बसत्यात," कंडक्टर म्हणाला.

मी हलले नाही. ह्यांनी दिवा बंद केला असेल, नाहीतर खूप मागे पडले असतील. तिसरं काही मी मनात येऊ देत नव्हते.