रडका थर

दहा डिसेंबर. मामंजींची तेरवी काल झाली. आचाऱ्याची कढई आज घासून परत द्यायची आहे. बुडाला वांग्याची भाजी जळून बसली आहे, म्हणून राख आणि गरम पाणी घालून ती अंगणात भिजत टाकली आहे. ती सुटेपर्यंत हे लिहून घेते, कारण काल जेवायला आलेल्या एका माणसामुळे माझं डोकं अजून तापलेलं आहे.

माझे सासरे रिकामी जागा मिटवू देत नसत. फडताळातलं पुस्तक कुणी वाचायला नेलं, की त्या जागी ते लाकडाचा ठोकळा उभा करत. लग्न होऊन मी रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या या घरात आले, त्या पहिल्या आठवड्यातच ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, इथं हळदीचा डबा होता."

"घासायला काढला, मामंजी."

"मग बाकीचे डबे काहून सरकवले? आता पाहणाऱ्याले वाटन का इथं काही होतंच नाही."

माणूस विक्षिप्त आहे, असं मी ठरवून टाकलं. मोहल्ल्यातले लोक त्यांना ठोकळेमामा म्हणत, ते मला योग्यच वाटलं.

कारण नंतर कळलं. तरुणपणी ते सरगुज्याकडे एका कोळसा खाणीवर ओव्हरमन होते. तिथली पहिली चानक, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, त्यांच्या देखरेखीखाली खोदली गेली. खोदण्याआधी जमिनीत बोअर मारून दगडाच्या कांड्या काढतात आणि निघाल्या त्याच क्रमाने लांब पेटीत मांडतात. एखाद्या ठिकाणी काही हाती आलं नाही, तर तेवढ्या जागेत लाकडाचा ठोकळा ठेवायचा, हा नियम. या बोअरमध्ये एका जागी काहीच निघालं नाही. तिथे भुसभुशीत वाळू होती, ती पाण्याबरोबर वाहून गेली. पण मॅनेजरकडे कंपनीचे पाहुणे यायचे होते. पेटीत भोक बरं दिसत नाही म्हणून त्याने खालच्या कांड्या वर सरकवल्या. पेटी कशी छान भरलेली दिसू लागली.

मामंजी तेव्हा रजेवर होते. परतल्यावर त्यांनी तीच पेटी पाहून काम सुरू केलं. वर तांबडा मुरूम, मग पिवळी माती, मग वाळूचा टणक दगड, मग करडा निसरडा दगड, ज्याला खोदणारे साबण म्हणत. पेटीप्रमाणे साबणाखाली पुन्हा टणक दगड लागायला हवा होता. साबण फुटला आणि खालून वाळू आणि पाणी एकदम उसळलं. मामंजी सामान बघायला डोलातून, म्हणजे दोरावरच्या मोठ्या बादलीतून, नुकते वर आले होते. खाली खोदणारा बुधराम होता आणि त्याचे दोन भाऊ. तिघंही गेले. त्या वाळूला मजुरांनी नाव दिलं, रडका थर. पुढे पाणी उपसून झाल्यावर मामंजींनी तिथली वाळू बरणीत भरून घरी आणली. सासूबाईंची लोणच्याची बरणी होती ती. त्यांनी ती परत मागितली नाही.

ही हकीकत त्यांनी कधी हळव्या आवाजात सांगितली नाही. मॅनेजर शेजारच्या खोलीत बसलेला असावा, अशा शिव्या ते त्याला शेवटपर्यंत देत होते.

रायपूर राजधानी झालं आणि त्यांच्या रागाला रोजचा खुराक मिळाला. तेलीबांध्याकडे जिकडेतिकडे बोअर चालू होते. मामंजी काठी टेकत तिथे जाऊन उभे राहत आणि वर आलेला चिखल मुठीत घेऊन चोळून पाहत.

"काय लागलं बे?"

"पानी लगा, बाबा."

"पान्याच्या आधी काय लागलं ते विचारून राहिलो."

ते कुणालाच ठाऊक नसे. मग घरी येऊन आम्हाला ऐकवायचं, "राजधानी करून राहिले. पायाखाली काय हाय ते पाहाची कोणाले फुरसत नाही."

माझा नवरा ज्या सरकारी कार्यालयात आहे, तिथल्या नव्या दालनात खाणींचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. साहेबांनी विचारलं, जुन्या चानकीतले थर कुणी काचेत रचून देईल का. नवऱ्याने वडिलांचं नाव सुचवलं. साहेब खूश होतील, हाही हिशेब त्यात होता.

मामंजींनी सुताराकडून माणसापेक्षा उंच, समोरून काच असलेली पेटी करून घेतली. प्रत्येक थराला वेगळा खण, मागून स्क्रूने बसवलेली फळी. जमिनीत जेवढी जाडी, त्या प्रमाणात इथे. कोळसा अगदी तळाशी, चार बोटं. साबणाखालच्या खणात वाळू भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी पायातल्या चपला काढल्या. अर्धी बरणी ओतली, अर्धी परत जागेवर ठेवली. कार्यालयाने पेटीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी लावली.

उद्घाटनाला मी त्यांच्याबरोबर होते. दालन भरलेलं होतं. मामंजी पेटीसमोर गेले आणि थांबले. साबणाच्या खाली चकचकीत कोळसा होता, वाळू नव्हती.

साहेब हसत पुढे आले. "काकाजी, वो रेत ऐसी लगती थी जैसे माल कम पड़ गया हो. और कोयला तो दिख ही नहीं रहा था. लोग कोयला देखने आते हैं ना."

"मेरे आदमी किधर हैं?" मामंजींनी विचारलं.

साहेबांना वाटलं, म्हातारा सुतारांची चौकशी करतोय. "सब चाय पी रहे हैं, काकाजी. आप भी लीजिए."

मामंजींनी काठी उचलली. काचेवर बसायच्या आत नवऱ्याने ती धरली. "बाबा, घरी बोलू."

घरी तो म्हणाला, "बाबा, रेतच तर आहे. पाहणाऱ्याला काय फरक पडतो? माझ्या प्रमोशनचं साहेबांच्याच हातात आहे."

"मॅनेजर बी हेच म्हणत होता," मामंजी म्हणाले आणि मुलाशी बोलणं बंद केलं.

त्यानंतर ते रोज त्या दालनात जाऊन पेटीजवळ बसू लागले. येईल त्याला सांगत, हे खोटं आहे, इथे वाळू होती आणि वाळूत तीन माणसं होती. शाळेची सहल आली तर मुलांनाही. आठवड्याभरात त्यांना आत सोडू नये असा हुकूम निघाला. मग ते फाटकाबाहेर उभे राहू लागले. मी डबा नेऊन दिला तर म्हणत, "तू कायले आली? तुया नवऱ्याले पाठव." थंडी पडली, छाती भरली. मी रागावले, स्वेटर अंगात कोंबला, काठी लपवून ठेवली. ते काठीशिवाय फाटकावर गेले.

दवाखान्यात त्यांनी शेवटी मुलाला जवळ बोलावलं. "वाळू टाक, नाही तं माह्यं नाव काढ त्याच्यावरून. दोन्हीतलं एक कर." नवरा हो म्हणाला.

काल साहेब तेरवीला आले. पंगतीत बसले. मी जिलबी वाढत होते. मला म्हणाले, "बहूजी, काकाजी की निशानी हमारे यहाँ हमेशा रहेगी. सब उसके साथ फोटो खिंचवाते हैं." मी आणखी एक जिलबी वाढली. घरात सुतक फिटलं होतं, ब्राह्मण जेवत होते, आणि माझ्या हातात पाकाने भरलेली परात होती. नाही तर काय केलं असतं सांगता येत नाही.

पाहुणे गेल्यावर नवऱ्याला विचारलं, "तुम्ही त्यांना वाळूचं बोललात?"

"बघू. सध्या वेळ बरी नाही."

मरत्या बापाला दिलेला शब्द, आणि याला वेळ बघायची आहे. ज्याने वाळू काढली त्याच्यापेक्षा मला याचा राग जास्त आला आहे. कढईच्या बुडाचं जळकं सुटलं असेल. उठते.

अकरा डिसेंबर. आज सकाळी कार्यालय उघडायच्या आत पोचले. बरणी, बादली, स्क्रूड्रायव्हर आणि फडकं घेतलं होतं. चौकीदार डब्याच्या दिवसांपासून ओळखीचा. म्हणाला, "दीदी, आज कैसे?"

"काँच पोंछनी है."

"हव, पोंछ लीजिए."

हातात बादली असलेल्या बाईला कुणी अडवत नाही. मी मागची फळी उघडली, कोळसा बादलीत काढला, खण पुसला, वाळू भरली. बरोबर मावली. फळी लावत असताना चौकीदार डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"दीदी, साहब पूछेंगे तो?"

"बोलना, बहू आई थी. घर देखा हुआ है, परसों खाना खाकर गए हैं."

घरी येऊन तो कोळसा बंबात घातला. नवऱ्याने अंघोळ करून विचारलं, आज पाणी एवढं कडक कसं. मी त्याला सांगितलं.