शिगेचा जीबी

"शीग लाव की गं पोरी!" असं म्हणत आबा संगणकाला लावलेल्या पेनड्राइव्हभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरायचे. पायलीने तांदूळ मोजताना वरचा ढीग, म्हणजे शीग, सांडू नये म्हणून धरतात ना, अगदी तस्सा. पेनड्राइव्हमधून काय सांडणार होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

वडगावला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आबांचा शर्यतीचा बैल बादल म्हातारा होऊन गेला, पण त्याच्या शर्यतींचे व्हिडिओ गावभरच्या मोबाइलांत उरले होते. ते आबांनी दारोदार फिरून गोळा केले. आता लेकीकडे कुरवंड्याला कायमचं जायचं होतं आणि सगळा बादल सोबत हवा होता. "त्यो न्हाई, तर तितं म्या बघू काय? डोंगर?"

पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा. संगणक एकोणतीसच दाखवत होता. आबांचा चेहरा उतरला. "बाकीचं कुटं गेलं?"

मी सांगितलं, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, संगणक एक हजार चोवीसच्या. नाव मात्र दोन्ही मापांना एकच.

"म्हंजी कंपनी पायलीवर हात फिरवती. सपाट माप! असल्यांच्या घरी आमी सोयरीक करत न्हाई."

वरच्या मजल्यावर संगणकाचे वर्ग घेणारे सर तिथेच होते. ते म्हणाले, "आबा, मोठ्या मापाला वेगळं नाव आहे. गिबिबाइट."

आबांनी ते नाव तोंडात घोळवलं, कवळी सावरली. "ह्येच्या बारशाला आत्या आली न्हवती वाटतं."

मग बारसं त्यांनीच केलं. कंपनीचा तो सपाट जीबी, संगणकाचा तो शिगेचा जीबी. सर चिडले, जगाने ठरवलेलं नाव असं बदलता येत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आबा पायली आणि इंद्रायणी तांदूळ घेऊन हजर! काउंटरवर सुरेख शीग लावली. सरांनी वाद घालता घालता त्याच काउंटरवर हात आपटला. माझ्या कीबोर्डमधून अजून तांदूळ निघतात.

शेवटी एक व्हिडिओ बसेना. मोठा पेनड्राइव्ह घ्या म्हटलं, तर आबा हटून बसले. "बत्तीस लिवलंय, बत्तीस भर. दुसरा घेतला म्हंजी आमी सपाट माप मानलं."

"मग हा काढू? यात बादल हरलाय."

त्यात बादलने ऐन शर्यतीत कडेला उभे असलेले आबा पाहिले आणि गाडा, जोडीदार, सगळं ओढत तो त्यांच्याकडे आला. लोक शिव्या देतायत आणि बादल आबांचं टक्कल चाटतोय.

"तीच तर शीग हाय," आबा हळूच म्हणाले. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे. म्या बघायला यीन."

आणि खरंच यायचे. एसटीने यायचे, तेवढं बघायचे, टकलावरून हात फिरवायचे आणि जायचे. मला फार आवडायचं ते.

मग यायचे थांबले. लेकीचा फोन आला, तेव्हा मी दुकानात रडले.

परवा नवा संगणक घेतला. त्यावर सगळ्यात आधी तो व्हिडिओ चढवायला लावला आणि माझे हात आपोआप संगणकाच्या डब्याभोवती गेले. दारातून सर पाहत होते. आता हसतील, असं वाटलं. ते पुढे आले, दुसऱ्या बाजूने हात धरला आणि म्हणाले, "सावकाश. शीग सांडेल."