ऑक्टोबरची छाटणी

शिरीषवर मी जेवढी चिडले असेन तेवढी सख्ख्या नवऱ्यावरही चिडले नसेन. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटमध्ये आमच्या रस्त्यावर मराठी माणसं दोनच, मी आणि कुंपणापलीकडे तो. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टेक्निशियन, पंचावन्नचा, लग्न केलं नाही, बोलणं मोजून-मापून. दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये लॅब बंद झाली आणि हा माणूस दिवसचे दिवस कुणाशी बोलेना.

नाशिकला त्याचा मोठा भाऊ, भास्करदादा. आई-वडील लवकर गेले, दादांनीच ह्याला वाढवलं. तीस वर्षं त्यांनी द्राक्षबाग केली. वहिनी गेल्या आणि त्यांनी बाग सोडली, शहरात फ्लॅट घेऊन एकटे राहायला लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन कोविडमुळे लांबलेलं. फोनवर दोघा भावांचं 'जेवलास का', 'जेवलो' एवढं झालं की विषय संपला.

शिरीषच्या मागच्या अंगणात द्राक्षाचा एक जुना वेल होता, घराबरोबर आलेला. जुलैत, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत, नर्सरीवाल्याने सांगितलं तसा त्याने तो छाटला आणि सहज दादांच्या कानावर घातलं. झालं, दादांची कळीच खुलली. रोज व्हिडिओ कॉल. माती ओली आहे का, गारठा किती, काडीवरचे डोळे फुगलेत का. शिरीष फोन कुंपणाला टेकवून उभा आणि दादा तिकडून हुकूम सोडतायत. त्यांना दिसायचं सगळं धूसर, पण बोलायचे तासभर.

ऑगस्टमध्ये एकदा शिरीषने त्यांची चूक काढली, इथे तसं चालत नाही म्हणाला. तुला कळतंय ना, मग झालं तर, असं म्हणून दादांनी फोन ठेवला, तो नऊ दिवस उचलला नाही. ते नऊ दिवस मी बघितलेत. दाढी वाढलेली, अंगणात खुर्ची टाकून नुसता बसायचा. मी कुंपणावरून दिलेला भाजीचा डबा भरलेलाच परत आला.

मग ऑक्टोबर आला. नाशिककडे ऑक्टोबरमध्ये फळासाठी छाटणी करतात. दादांनी फर्मान काढलं, उद्या छाटायचं. इथे वसंत ऋतू! वेलाला वीतभर कोवळी फूट आलेली, तिच्यावर मोहरीएवढ्या कळ्यांचे घड. ती छाटली की त्या वर्षाची द्राक्षं गेली. मी कुंपणावरून ओरडले, अरे बाबा, तोंड उघड आणि सांग त्यांना!

"सांगितलं तर परत फोन ठेवतील गं," तो म्हणाला.

आणि फोन टेकवून त्याने कात्री चालवली. दादा विचारत होते, झालं का. हा म्हणत होता, होतंय. त्याच्या पायाशी हिरवा ढीग पडला. मला बघवेना, मी घरात निघून गेले.

इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, वेलाला नुसती पानं. दादांनी घडांची चौकशी केली की हा ठोकून द्यायचा, बरे आहेत. एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात, मी बजावलं. ऐकतो कोण?

फेब्रुवारीत दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नेमकं तेव्हाच इथे पुन्हा पाच दिवसांचं लॉकडाऊन लागलं. दादांनी आपणहून कॉल केला, वेल दाखव म्हणाले. आता हे बोलणंही संपणार, असं धरूनच शिरीषने फोन वेलाकडे वळवला. अर्ध्या तासाने तो कुंपणाशी आला आणि काय झालं ते त्याने मला सांगितलं.

दादांनी वेल वरपासून खालपर्यंत बघितला. घड कुठे आहेत, हे विचारलंच नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पक्की काडी कापताना कटकट आवाज येतो. तुझ्या कात्रीचा आवाजच येत नव्हता. कोवळी फूट कापत होतास तू."

"मग मला थांबवलं का नाहीस, दादा?"

"थांबवलं असतं तर मला तिथलं काही कळत नाही, हे उघड झालं असतं. मग दुसऱ्या दिवशी तू फोन कशाला केला असतास?"

एवढं सांगून शिरीष कुंपण धरून रडायला लागला, अगदी हमसून हमसून.  मध्ये कुंपण होतं, दीड मीटरचा नियम होता, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला मी पलीकडे जाऊ शकले नाही.