कोंबडीची हाडं आणि संकष्टी

संकष्टीला शाळेत हाडं आणली म्हणून बाईंनी माझ्या पोरीचा प्रोजेक्ट उचलून बाहेर चपलांशेजारी ठेवला. विज्ञानाचं प्रदर्शन होतं हो, सत्यनारायण नव्हता.

धायरीत माझं चिकनचं दुकान आहे. सातवीतल्या पोरीने कोंबडीचे पाय उकळून, हाडं घासून पुठ्ठ्यावर चिकटवली. शेजारी डायनासोरच्या पायाचं चित्र काढलं. पक्षी डायनासोरच्याच वंशातले, म्हणाली. मी चौथी शिकलेली, पण वीस वर्षं कोंबड्या कापतेय. पायावरचे खवले, पुढची तीन बोटं, नख्या रोज बघते. मला लगेच पटलं.

दुपारी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, विषय बरोबर आहे, पण दिवस तरी बघायचा."

मग बरोबर आहे हे वर्गात का नाही सांगितलं? पोरं तिला दिवसभर "हाडकी" म्हणत होती. घरी येऊन तिने पुठ्ठा कचऱ्यात टाकला. "आई, मला विज्ञान नकोच," म्हणाली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. माझ्या समजावण्याने काही होत नाही.

बाई, तुम्ही पालकांच्या या ग्रुपवर आहात. सोमवारी शाळा भरायच्या आत इथंच लिहा, माझ्या पोरीचं बरोबर होतं की नाही.