जीपमधलं होकायंत्र

सोनपेठच्या वाघमारे सरांचं नाव आधी सांगतो. त्या संध्याकाळी ते माझ्या जीपमध्ये बसले नसते, तर परभणीतली माझी नोकरी गेली असती. मी सातवीतून शाळा सोडलेला, मालवणहून इतक्या लांब आलेला. दुसरी नोकरी कोण देणार होतं?

काम बोअरचं. बोअरची गाडी म्हणजे जमिनीत भोक पाडणारं यंत्र बसवलेला जड ट्रक. पुढे जीप घेऊन मी वाट दाखवायची, मागून ट्रक यायचा. गंगाखेड-सोनपेठ भागात नदीकाठाला ऊस डोक्याच्या वर, आणि बैलगाडीच्या वाटा सगळ्या सारख्या. पाटी नाही, विचारायला माणूस नाही. जीप चुकली तर वळते. ट्रक चुकला तर काळ्या मातीत रुततो, मग ट्रॅक्टर शोधत फिरा.

असा एकदा रुतल्यावर मालकांनी मासिकातल्या होकायंत्रांच्या जाहिराती माझ्यापुढे टाकल्या.

"कोकण्या, तुमच्याकडं बोटीवर असतंय ना हे? तूच निवड."

बोटीत मी कधी काम केलं नव्हतं. पण नाही म्हणायची भीती वाटली. दोन होकायंत्रं होती. एकात नुसती सुई. दुसऱ्यात तेलात तरंगणारी तबकडी. गाडी आदळली तरी ती फार हलत नाही. इथले रस्ते आठवून मी तेलातलं निवडलं. मुंबईच्या कंपनीकडून ते आलं, मी डॅशबोर्डवर मधोमध बसवलं.

पहिल्याच ढगाळ दुपारी त्याच्यावर भरवसा ठेवून गेलो आणि ट्रक पुन्हा रुतला. जीप जागेवर गोल फिरवून पाहिली. कुठंही तोंड केलं तरी उत्तर आपली माझ्या डाव्या हाताला!

मालक बघून म्हणाले, "सुईला बी घरची आठवण यायलीय वाटतं. नीट करून घे, न्हाईतर तिच्यासंगं तू बी पार्सलमधी बस."

पोस्टातून ट्रंककॉल लावला.

"गाडी सपाट जागेवर आहे का?" कंपनीचा माणूस.

"आहे साहेब."

"मग दोष नाही."

"उत्तर हलतच नाही हो."

"पाठवून द्या. तपासू."

पाठवलं. बऱ्याच दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी: तपासले, व्यवस्थित आहे. बसवलं तर तेच. पुन्हा फोन.

"आमच्या टेबलावर बरोबर चालतं."

"साहेब, आमची जीप टेबलावर चालत नाही."

फोन ठेवला त्यांनी.

मालक ओरडले नाहीत, याचीच जास्त धास्ती वाटली. "सोमवारपासून दुसरा डायव्हर बघायलोय मी," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी गंगाखेडहून सोनपेठकडे निघालो. रस्त्यात एकानं हात केला. सोनपेठच्या शाळेत विज्ञान शिकवणारे वाघमारे सर. त्यांची एसटी चुकली होती. माझं तोंड बघून त्यांनीच विचारलं, "काय झालं भाऊ?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जीप थांबवा. हे काढता येतंय का?"

स्क्रू काढून दिले. सर ते घेऊन मोकळ्या रानात गेले. सूर्य मावळत होता, त्यावरून दिशा ताडून पाहिली. तबकडी अगदी बरोबर! जीपमध्ये आणलं की भलतीकडे.

"कंपनी खोटं बोलली न्हाई," सर म्हणाले. "पर जीपमधी काय काय हाय, हे बी कुणी इचारलं न्हाई."

पान्ह्यांचा डबा त्यांनी बाहेर ठेवला. फरक नाही. मग त्यांची नजर डॅशबोर्डवरच्या माझ्या गणपतीवर गेली.

"ह्याच्या बुडाला लोहचुंबक हाय का?"

"आहे. गाडी आदळल्यावर देव पडू नये म्हणून."

"मग उचलून बघा."

स्वतः त्यांनी हात पुढे केला नाही. उलट दोन्ही हात मागे घेतले. सर बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीला फार दिवस झाले नव्हते, आणि मी अनोळखी माणूस. माझ्या उशिरा लक्षात आलं.

"सर, तुम्हीच उचला. माझे हात ऑइलचे आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रुमालाला हात पुसले आणि गणपती अलगद उचलून लांब नेला. तबकडी फिरली आणि उत्तरेला थांबली.

"आता कुठं ठेवू ह्यांना?" देव दोन्ही हातांत धरून सरांनी विचारलं.

"मागे, टपाच्या पट्टीला."

जीपच्या लोखंडानं थोडा फरक उरला. तो सरांनी खिशातल्या खडूनं डॅशबोर्डवरच लिहून दिला.

सोमवारी मालक स्वतः बाजूला बसले. जीप चारी दिशांना वळवायला लावली.

"कुठं बघायलीय सुई?"

"उत्तरेला, मालक."

"मग चल की, ट्रक खोळंबलाय."

दुसऱ्या डायव्हरचं नाव पुन्हा निघालं नाही. कंपनीला मी कळवलं, माहितीपत्रकात चुंबकाचं एक वाक्य घाला म्हणून. उत्तर आलं नाही. तेव्हापासून कुठलंही यंत्र घेताना ते काय काय करतं याआधी मी विचारतो, बिघडल्यावर फोन कोण उचलतं.

त्या संध्याकाळी सरांना घरी सोडलं, तेव्हा त्यांनी चहा पाजला. माझ्याकडून काही घेतलं नाही. फक्त विचारलं, "समुद्र कसा दिसतोय हो? पोरांना शिकवतो, पर बघितला न्हाई."

मला धड सांगता आलं नाही. स्वतःची गाडी झाली की पहिली फेरी सरांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन मालवणला. किनाऱ्यावर उभं करीन, मग त्यांनीच सांगावं.