पुढच्या प्रश्नाला मागचं उत्तर

माझी वहिनी कुणालाही "बरोबर" किंवा "चूक" म्हणत नाही. हा तिचा स्वभाव नाही, कामाची सवय आहे. अभ्यासात मागे पडणारी, एका जागी न टिकणारी, चारचौघांत न मिसळणारी मुलं तिच्याकडे येतात आणि त्यांचं नेमकं कुठे अडतंय ते ती शोधते. चाचणी चालू असताना आपलं उत्तर बरोबर की चूक, याचा मुलाला सुगावा लागू द्यायचा नसतो. त्यामुळे मूल काहीही बोललं तरी ही तोच शांत चेहरा ठेवून म्हणते, "छान, पुढे जाऊ या." वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तो चेहरा आता घरीही उतरत नाही. दादाने नवा शर्ट घालून कसा दिसतोय विचारलं, तर म्हणते, "विचार करून निवडलायस." दादा बिचारा मुकाट्याने शर्ट बदलून येतो.

मी तिची नणंद. तिच्याच केंद्रात बाहेर काउंटरवर बसते, फोन घेते, वेळा देते, घाबरलेल्या आईबापांशी गप्पा मारते. ताकास तूर न लागू देणं मला जन्मात जमलेलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की वहिनी आतून दार लावून घेते.

तिची ती आतली खोली बघण्यासारखी आहे, म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीच नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, कोऱ्या भिंती. भिंतीवर चित्र लावलं की मुलं चित्रच बघत बसतात. मी एकदा हौसेने फुलदाणी ठेवली होती, ती लगेच माझ्या काउंटरवर परत आली. वहिनी मुलाच्या अगदी समोर बसत नाही, टेबलाच्या कोपऱ्याशी बसते आणि स्टॉपवॉच मांडीवर, टेबलाच्या आड ठेवते. घड्याळ दिसलं की मुलांचं अर्धं डोकं घड्याळात जातं म्हणे.

एका सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. काउंटरवर येऊन त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, आणि बोलण्यात मला मागे टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मुलगी वर्गात उत्तरच देत नाही. दिलं तर भलतंच देते. शाळेने सांगितलंय की तपासणीचा अहवाल आणा, नाहीतर पुढच्या वर्षी तिला गावाबाहेरच्या वेगळ्या शाळेत घाला. त्या शाळेत तिची मैत्रीण नाही, धाकटा भाऊ नाही, कुणीच नाही. मुलगी शेजारी उभी राहून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत होती. मी तिला काही विचारलं की उत्तर बाबाच देत होते. आवडता रंगसुद्धा त्यांनीच सांगितला.

वहिनीने बाबांना बाजारात परत पाठवलं आणि मुलीला आत नेलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली तेव्हा तिचा तो शांत चेहराही थोडा उतरलेला होता. ती म्हणाली, फार कमी येतंय. इतकं कमी, की शाळा म्हणते तेच लिहावं लागेल. मग डबा उघडून माझ्या शेजारी बसली. मुलगीही समोरच्या बाकावर डबा घेऊन बसली.

मला शांतता सहन होत नाही. मी तिला विचारलं, "कितवीत आहेस गं?" काही नाही. मग विचारलं, भूक लागलीय का? ती म्हणाली, "चौथीत." मी हसले आणि म्हटलं, डब्यात काय आणलंयस? ती म्हणाली, "लागलीय." आता मला राहवेना. मी वहिनीला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, तुझी ही पाहुणी भलतीच विनोदी आहे, मला बनवतेय.

वहिनीचा घास हातातच राहिला.

"तिला अजून एक विचार," ती हळूच म्हणाली. "आणि विचारून झालं की गप्प बस. अगदी गप्प."

आयुष्यात मला कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुझी मैत्रीण कशी आहे? ती म्हणाली, "पोळीभाजी." मी ओठ आवळून बसले. पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मला वाटलं, आता माझाच जीव जातोय. मग ती पोर म्हणाली, "ती फार हसते. तिचा पुढचा दात अर्धा तुटलाय, पण तो दिसायला नको म्हणून ती तोंडावर हात नाही धरत. मला ते आवडतं."

जेवण अर्धवट टाकून वहिनी तिला घेऊन आत गेली. नंतर तिने मला समजावलं. खरे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, म्हणून माझ्याच मनचे सांगते. पक्षी कशाने उडतात, असं विचारलं की मुलगी गप्प. थोडं थांबून वहिनी नेहमीसारखं "छान, पुढे जाऊ या" म्हणणार आणि बर्फ कशाचा होतो ते विचारणार. मुलगी म्हणणार, पंखांनी. उत्तर चूक. मग डॉक्टर काय करतात विचारलं, की पाण्याचा. तेही चूक. सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त एकेक प्रश्न मागे होती. ऐकायचं, समजून घ्यायचं आणि शब्द जुळवायचे, याला त्या पोरीला बराच वेळ लागत होता, आणि तेवढ्यात जग पुढच्या प्रश्नावर गेलेलं असायचं. शाळा पुढे गेली, बाबा पुढे गेले, आणि नियमाने चालणारी माझी वहिनीसुद्धा पुढे गेली.

त्या संध्याकाळी वहिनी स्वतःवरच भडकली होती. हसतमुखाने आपणच त्या पोरीला पुढच्या प्रश्नावर ढकलत होतो, असं तिने दादाला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मग आता चांगले गुण देऊन टाक आणि मोकळी हो. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला उठले. घड्याळ लावून आलेले गुण तिने होते तसेच ठेवले. खाली लिहिलं की घड्याळ बाजूला ठेवल्यावर हीच मुलगी वयाच्या पुढचं बोलते, आणि तिला वेगळी शाळा नको, वेळ हवा. नुसतं लिहून थांबली नाही. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेच्या शेजारी बसली आणि प्रश्न विचारून थांबायचं कसं, ते करून दाखवलं. मुख्याध्यापिकेने बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी मुलीला त्याच वर्गात ठेवायचं ठरलं.

ते सांगायला वहिनीने बापलेकीला बोलावलं. मीही फाइल देण्याच्या निमित्ताने आत घुसले. ऐकल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांचा लिलाव सुरू झाला.

"खूश आहेस ना? मैत्रिणीजवळच बसणार ना? वर्गात बोलशील ना आता? माझ्यावर रागावली नाहीस ना?"

उत्तरही तेच देणार होते, पण वहिनीने हात वर केला. "थांबा. तिला बोलू द्या."

बाबा थांबले. त्यांना ते किती जड जात होतं, ते मला पुरेपूर कळत होतं. ते गुडघ्यावर बोटं वाजवत होते, मग तीही थांबली.

"हो," मुलगी म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"तिच्याजवळच बसणार." आणि बऱ्याच वेळाने, "बोलीन."

आता एकच प्रश्न उरला होता. बाबा तोंड उघडून काहीतरी भरून काढणार असं मला वाटलं, पण ते खालमानेने बसून राहिले. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. शब्द येत होते, पण आपल्याच चालीने.

"रागावलेय," ती म्हणाली. "थोडी."

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. ते काहीच बोलले नाहीत, कारण तिचं अजून संपलेलं नसेल, अशी त्यांना शंका होती.