म्हसोबाच्या वळणावरची पावलं

दीक्षित सर माझ्या रसवंतीवर पहिल्यांदा आले तेव्हा मी रसाचा ग्लास पुढे केला, तर त्यांनी पंजा दाखवून मला थांबवलं. दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेला लावलेली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला वाटलं, माणसाला चक्कर येतेय. मी खुर्ची सरकवली, हुंगायला द्यावा म्हणून कांदा फोडला. मिनिटभराने म्हणाले, "एकशे चाळीस. शंभरावर आली की द्या." नाडी मोजत होते. तोवर ग्लासातला बर्फ विरून गेला होता.

माझी रसवंती संगमनेरहून वर येणाऱ्या जुन्या घाटाच्या माथ्यावर आहे. नवा मोठा रस्ता झाल्यापासून इकडे गर्दी नाही. वाड्यावस्त्यांची माणसं, दूधवाले, एखादा चुकलेला टेम्पो. त्यामुळे दर रविवारी सकाळी बारीक चाकांच्या सायकलवरून एकटा चढत येणारा माणूस लांबूनच दिसायचा. सर संगमनेरला शाळेत भूगोल शिकवायचे. रिटायर झाले, बायको आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. लोक रिटायर झाल्यावर गीतेच्या वर्गाला जातात, यांनी गिअरची सायकल घेतली.

मी एकदा विचारलं, "सर, पेन्शन हाय, गाडी हाय. मग कशापायी जिवाला तरास?"

"ताई, छत्तीस वर्षं फळ्यावर चढ काढून दाखवला. एकदा पायाने बघतो."

"मग बघितला की पहिल्याच दिशी."

"कुठे? पाय टेकला ना."

ही त्यांची गोष्ट होती. घाटाच्या वरच्या टोकाला म्हसोबाचं वळण आहे. शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्या पुढे असा उभा चढ, की भरलेला ट्रॅक्टर तिथे रडतो. सरांना तिथे उतरावंच लागायचं. उतरले की सायकल हातात धरून चालायचे आणि पावलं मोजायचे. जिथे पुन्हा बसता येईल तिथपर्यंतची पावलं. वर आल्यावर नाडी झाली की मला आकडा सांगायचे. पहिल्यांदा तीनशे दहा होता. दोन हिवाळे गेले तेव्हा चाळीसवर आला होता. मलाही सवय लागली. रविवारी सर दिसले की मी गिऱ्हाइकाला म्हणायची, "थांब जरा, सर वळणावर आलेत," आणि चरक बंद करून बघत उभी राहायची. माझ्या ओट्यावरून ते वळण तळहातासारखं दिसतं.

कुणी सांगितलं की सर, उसाच्या ट्रॉलीची साखळी धरा, पोरं तसंच येतात, तर सर हसून म्हणायचे, "मग ट्रॉली चढली. माझं काय?" कुणी पाठीवर थाप मारून कौतुक केलं तरी त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. एवढं मात्र खरं, की घाट चढून आल्याचा तोरा कधी पाहिला नाही. आले, बसले, ग्लास स्वतः विसळला, गेले.

मग त्यांचा गुडघा बोलायला लागला. एका रविवारी नाडी मोजून झाल्यावर म्हणाले, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी पुण्याला ऑपरेशन. मुलीने ठरवलंय. डॉक्टर म्हणतात, नंतर सायकल चालवा, पण सपाटीवर."

"अन् घाट?"

"घाट नाही. एक रविवार राहिला."

त्या दिवशीचा आकडा पंचवीस होता.

शेवटच्या रविवारी मी सकाळपासून चरकाला हात लावला नाही. सर खालच्या वळणावर दिसले, नेहमीपेक्षा हळू. म्हसोबापाशी आले. आता उतरतील, आता उतरतील, असं मी बघतेय, तर उतरले नाहीत. सायकल या कडेपासून त्या कडेपर्यंत नागासारखी वळत होती, पण पुढे सरकत होती. नेहमीची उतरायची जागा मागे पडली. मी पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात खालून आमचा संतोष आला. माझा धाकटा. डेअरीला दूध घालून रिकाम्या कॅनी घेऊन मोटारसायकलवर वर येत होता. आमच्याकडे रीत अशी, की रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की मागचा माणूस विचारत नाही, पाय लावतो आणि पेट्रोल पंपापर्यंत ढकलत नेतो. संतोषने बघितलं, सर झोकांड्या खातायत, पडतील. त्याने गाडी शेजारी घेतली आणि डावा हात सरांच्या पाठीला लावला. सर "नको, नको" म्हणत होते. पण आमच्यात पंगतीतही माणूस नको म्हणतो आणि वाढणारा वाढतोच. त्याने आणखी जोर लावला. मी ओट्यावरून दोन्ही हात हलवले, सोड म्हणून. त्याला वाटलं आई शाबासकी देतेय. त्याने हॉर्न वाजवला.

सपाटी लागल्यावर हात काढला आणि दोघं जोडीने रसवंतीपाशी आले. संतोष उतरायच्या आधीच ओरडला, "आई, आणलं का न्हाई सरांना? पडले असते वळणावर."

सर खाली बसले. मानेला बोटं लावायची विसरले. मग म्हणाले, "आभारी आहे संतोष. दूध किती भरलं आज?"

संतोषने खुशीत आकडा सांगितला आणि रस पिऊन वस्तीवर निघून गेला. तो गेल्यावर सर उठले आणि चालत उतारावर गेले. गुडघा धरत, एक पाय ओढत. मी वरून बघत होते. जिथे संतोषने हात लावला तिथे उभे राहिले आणि तिथून, त्याने हात काढला तिथपर्यंत, पावलं मोजत वर आले.

"एकशे दहा," म्हणाले. "मागच्या वेळी पंचवीस होती."

"त्यो मागनं आला नसता तर आज झालं असतं सर."

"झालं असतं की नाही, ते आता कळणार नाही. झालं असं धरता येत नाही."

मला रडू येत होतं आणि रागही. "थांबा, घरी येऊ द्या त्याला. सांगते चांगलं."

"ताई, सांगू नका." पहिल्यांदाच त्यांचा आवाज मास्तरासारखा झाला. "उद्या खरंच कुणाची गाडी अडकेल. तेव्हा हात पुढे करायच्या आधी तो विचार करत बसेल."

ग्लास विसळून पालथा घातला आणि सायकलवर बसून उतारावर गेले. ब्रेकचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ऑपरेशननंतर मुलीने त्यांना पुण्यालाच ठेवून घेतलं. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा उसाला दर काय, हेच विचारलं. गेल्या वर्षी झोपेतच गेले. बातमी संतोषनेच आणली, डेअरीवर कुणीतरी सांगितली म्हणून. कॅनी खाली न ठेवता तसाच उभा राहिला.

म्हणाला, "लई चांगला माणूस. पर एक बरं झालं आई. त्यांची विच्छा हुती ना घाटाची. शेवटच्या रविवारी मी वर आणलं त्यांना."

चरकात ऊस होता. तो मी पिळून संपवला.

"व्हय रे," म्हटलं. "तूच आणलंस."